दिवाळी, सासू-सासरे आणि पाच रविवार

वाचकाचं पत्र

आम्ही दोघं ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. तीन वर्षं झाली, ऑटोक्रॉस करतो, म्हणजे मोकळ्या पार्किंगमध्ये मांडलेल्या कोनांमधून घड्याळाशी गाडी चालवायची स्पर्धा, तेही एकाच गाडीत. ती 2022ची होंडा सिव्हिक एसआय. घरातली दुसरी गाडी सीआर-व्ही. 2026च्या या हंगामात आमच्या रीजनच्या, म्हणजे क्लबच्या स्थानिक शाखेच्या, आठ फेऱ्या आहेत, त्यातल्या सर्वोत्तम पाचांचे गुण धरतात. तीन झाल्या. उरलेले रविवार असे : 13 आणि 27 सप्टेंबर, 11 आणि 25 ऑक्टोबर, 8 नोव्हेंबर. सासू-सासरे 1 ऑक्टोबरला पुण्याहून येताहेत, नोव्हेंबर संपेपर्यंत राहतील. दिवाळीला माझा भाऊ, वहिनी आणि दोन्ही मुलं न्यू जर्सीहून येणार.

सासूबाईंना 'रेस' हा शब्द ऐकूनच धडकी भरते. फोनवर म्हणाल्या, "हा जिवाशी खेळ कशाला?" सासऱ्यांना मात्र शेजारी बसून चक्कर मारायची आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मागच्या वर्षी माझे आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही 'ऑफिसचं काम' सांगून जायचो. त्यांना ते कळलं आणि फार लागलं. रविवारी सकाळी साडेसहाला निघून संध्याकाळी पाचला परत, असा आमचा दिवस असतो. यंदाचा उरलेला हंगाम सोडून द्यावा का? आणि दोन छोटे प्रश्न : ऑक्टोबरच्या थंडीत आमचे समर टायर साबणावरून गेल्यासारखे घसरतात, त्याचं काय करावं? ड्रायव्हर बदलताना आम्ही एकमेकांवर खेकसतो, त्याचं काय?

– दोघांतली एक, कोलंबस

उत्तर

हंगाम सोडू नका. आधी कागद घ्या आणि तुम्हीच लिहिलेले आकडे एकाखाली एक मांडा. आठपैकी पाच धरतात, तीन झाल्या. म्हणजे उरलेल्या पाचांपैकी दोघांनीही प्रत्येकी तीनच फेऱ्या केल्या तरी सहा होतात. सहातली एक वाईट गेली तरी पाच भरतात. उरलेले दोन रविवार तुम्ही प्रत्येकी सोडू शकता आणि गुणांच्या तक्त्यावर त्याचा ओरखडाही उठत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो, की कुणी कोणता रविवार सोडायचा. ते पंचांग आणि घर बघून ठरतं.

13 आणि 27 सप्टेंबरला घरी पाहुणे नाहीत. हे दोन रविवार दोघांचे, नेहमीसारखे. 13 तारखेच्या दुसऱ्याच दिवशी गणेशचतुर्थी आहे. घरी गणपती बसत असेल तर आरास शनिवारीच उरका, कारण दिवसभर डांबरावर उभं राहून आलेला माणूस रात्री मखर नीट लावू शकत नाही.

11 ऑक्टोबरला घटस्थापना. या दिवशी सासू-सासऱ्यांना मैदानावर नेऊ नका. दहाच दिवस झालेत त्यांना येऊन, झोपेचं घड्याळ अजून पुरतं वळलेलं नसेल, आणि सासूबाई अखंड दिवा लावत असतील तर त्या घराबाहेर पडणारच नाहीत. तुमच्याकडची घरं लाकडी सांगाड्याची. अखंड दिवा पडद्यापासून निदान तीन फूट दूर, काचेच्या चिमणीत, वाळू पसरलेल्या परातीत ठेवा आणि घरात जागं माणूस असू द्या. धुराचा अलार्म वाजतो म्हणून तो काढून ठेवू नका. दिवा त्या खोलीतून हलवा. त्या दिवशी घरी नवऱ्याने थांबावं असं आम्हांला वाटतं. आई त्याची आहे, माती चाळायला आणि परडीत धान्य पेरायला त्याचेही हात चालतात. तुम्ही गाडी घेऊन जा. ती तुमची सहावी फेरी.

25 ऑक्टोबर हा दाखवायचा दिवस. त्या दिवशी नवऱ्याने गाडी चालवावी आणि तुम्ही त्याच्या आई-बाबांना घेऊन या. ती त्याची सहावी. दोघांनीही नाव नोंदवण्याचा मोह होईल, पण तो आवरा. ऑटोक्रॉसमध्ये प्रत्येकाला एका हीटमध्ये, म्हणजे एका गटाच्या पाळीत, गाडी चालवायची असते आणि दुसऱ्या हीटमध्ये कामाला उभं राहायचं असतं. तीन हीट असतील तर प्रत्येकाला मोकळी मिळते ती एक. एकाच हीटमध्ये दोघं धावलात तर दोन हीट आई-बाबांजवळ कुणीच नाही. वेगवेगळ्या हीट मागून घेतल्यात तरी एक हीट, म्हणजे तासाहून जास्त वेळ, ती दोघं परक्या मैदानावर एकटी बसणार. सत्तरीच्या आसपासच्या माणसांना पाच अंश तापमानात असं बसवलंत तर ऑटोक्रॉसबद्दलचं त्यांचं मत तिथेच पक्कं होईल.

8 नोव्हेंबर सोडा, दोघांनीही. त्या रविवारी लक्ष्मीपूजन आहे. 1 नोव्हेंबरला घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे कोलंबसला सूर्यास्त साधारण सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान होतो. शेवटची हीट संपून, कोन गोळा करून, सामान भरून घरी पोचेपर्यंत हीच वेळ होणार. पाटावर बसायच्या वेळी अंगाला रबराचा वास आणि नखांत ब्रेकची काळी पूड, शिवाय घरात भावाची मुलं फुलबाज्यांसाठी थांबलेली. नोंदणी बहुतेक ठिकाणी आदल्या बुधवार-गुरुवारी बंद होते. त्याआधीच नाव काढा म्हणजे फी अडकत नाही, आणि प्रतीक्षायादीतल्या कुणाला तरी जागा मिळते.

आता सासूबाईंच्या भीतीविषयी. ती खोटी ठरवायला जाऊ नका. टीव्हीवर त्यांनी जे पाहिलंय, त्यावरून त्यांना भीती वाटणं बरोबरच आहे. तुम्ही करता ते वेगळं आहे, आणि ते शब्दांपेक्षा डोळ्यांनी लवकर पटतं. 27 सप्टेंबरला गाडीत कॅमेरा लावा. माउंट घट्ट हवा आणि टेक तपासणीत, म्हणजे धावण्याआधी होणाऱ्या गाडीच्या तपासणीत, दाखवलेला हवा. दोघांची एकेक पूर्ण चक्कर, न कापता, संगीत न लावता पुण्याला पाठवा. साधारण 50 सेकंदांत संपते. त्यात दिसेल ते असं : मोठी रिकामी पार्किंगची जागा, नारिंगी कोन, एका वेळी मार्गावर एकच गाडी किंवा पुरेसं अंतर राखून सोडलेल्या दोन, आणि दुसऱ्या गिअरच्या वर न जाणारा वेग. जिथे सर्वांत जोरात जातो तिथेही तो हायवेवरच्या वेगाइतकाच असतो. फोनवर 'रेस' म्हणू नका. 'कोनांमधून घड्याळाशी गाडी चालवायची स्पर्धा' म्हणा, तेच खरं वर्णन आहे. कोन पाडला तर दोन सेकंद दंड, वाट चुकली तर ती चक्कर बाद, हेही सांगा. कोन पाडणं ही तिथली नेहमीची चूक आहे, एवढं कळलं तरी मनातलं चित्र बदलतं.

धोका अजिबात नाही, असं मात्र म्हणू नका. एकदा 'ऑफिसचं काम' सांगून झालेलं आहे, दुसऱ्यांदा अर्धं सत्य नको. खरं एवढं आहे : एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) नियमांप्रमाणे मार्ग खांब, कठडा अशा घट्ट वस्तूंपासून 25 फुटांच्या आत आणता येत नाही, प्रत्येक टप्प्यावर लाल झेंडा आणि अग्निशामक घेऊन माणसं उभी असतात, हेल्मेट आणि पट्ट्याशिवाय कुणी सुरुवातीच्या रेषेला लागत नाही. यातून उरतो तो धोका तुम्ही पत्करलेला आहे. तो पत्करलाय असं सरळ सांगणारी सून आणि मुलगा त्यांना जास्त भरवशाचे वाटतील.

सासऱ्यांच्या चकरेला आमचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. समर टायरवरची गाडी वळणात अंगावर जवळजवळ एका गुरुत्वाइतका जोर टाकते आणि तो डावीकडून उजवीकडे क्षणात पलटतो. मान, कंबर आणि पोट तिन्हींवर ताण येतो. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने हे डॉक्टरांना न विचारता करू नये. आणि समजा डॉक्टर हो म्हणाले, तरी पाहुण्यांसाठी घेतलेल्या आरोग्य विम्याची वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. मोटारस्पर्धेत झालेली दुखापत त्यात बहुधा सापडेल. अमेरिकेत एका रात्रीच्या इस्पितळाचं बिल काय होतं ते तुम्हांला माहीत आहे. बाबांना हे कारण जसंच्या तसं सांगा. हिशेबाची गोष्ट ते ऐकतील.

त्याऐवजी त्यांना मार्ग चालायला न्या. दोन हीटच्या मध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत बऱ्याच ठिकाणी मार्ग पायी फिरायला खुला करतात. वेव्हरवर (धोका मान्य असल्याच्या कागदावर) सही केलेल्या, मनगटाला पट्टी बांधलेल्या पाहुण्यांना बरोबर नेता येतं का, हे सकाळीच सेफ्टी स्टीवर्डला विचारून ठेवा. चौघांनी मिळून चाला. आडव्या पडलेल्या कोनाचं टोक कुठे वळायचं ते दाखवतं, हे बाबांना सांगा आणि पुढचं वळण त्यांना ओळखू द्या. सासूबाईंना स्लॅलममधल्या, म्हणजे नागमोडी जायच्या रांगेतल्या, दोन कोनांमधलं अंतर पावलांनी मोजायला सांगा. मुलगा ज्या रस्त्यावरून जाणार त्यावरून स्वतः चालून आलेल्या आईची भीती निम्मी होते.

25 तारखेचं वेळापत्रक असं ठेवा. नवरा साडेसहाला सिव्हिक घेऊन निघेल. त्या दिवशी सूर्योदयच पावणेआठच्या पुढे आहे, तेव्हा सगळी तयारी अंधारात होणार. सामान शनिवारी रात्रीच गाडीत हवं, डोक्याला लावायचा टॉर्च हवा. तुम्ही तिघं सीआर-व्हीतून साडेदहाला पोचा आणि दीड वाजता निघा. तीन तास पुरे. चौथ्या तासाला पाय गारठतात, पोर्टेबल टॉयलेटपर्यंतची चाल लांब वाटू लागते, आणि मघाशी गंमत वाटलेल्या गोष्टीचा कंटाळा येतो. नवऱ्याला पहिल्या किंवा दुसऱ्या हीटमध्ये धावायला मिळेल असं आधीच मागून घ्या. तो तिसऱ्या हीटमध्ये धावणार असेल तर तुमचं येणंच फुकट. पहिली मिळाली तर त्या दिवशी एक तास लवकर पोचा.

पाठीला टेकू असलेल्या घडीच्या खुर्च्या न्या. स्टुलावर कंबर धरते. स्वेटरवर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, मोजे आणि बंद बूट. चपला घालून गाड्यांजवळ फिरू देत नाहीत. मोकळ्या डांबरावर वारा अडायला काही नसतं. तंबू लावलात तर चारही पायांना वजन बांधा. वजन न बांधलेला तंबू मार्गावर उडून आला की स्पर्धा थांबते आणि तुमच्या गाडीचं नाही तर दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान होतं. कानात घालायला बोळे ठेवा, सगळ्याच गाड्यांचे सायलेन्सर तुमच्यासारखे साधे नसतात. खायला दशम्या, लसणाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, थर्मासात चहा. पोहे नेऊ नका, दहा मिनिटांत गार होऊन दडदडीत होतात. बाबांच्या दुपारच्या गोळ्या तुमच्या पर्समध्ये हव्यात. त्या घरी राहिल्या तर तीन तासांचं गणित कोलमडतं.

आणि त्यांना काम द्या. एक वही आणि पेन. बऱ्याच रीजनमध्ये वेळा फोनवर लगेच दिसतात, नाहीतर लाउडस्पीकरवरून सांगतात. प्रत्येक चकरेची वेळ, पडलेले कोन, चकरेनंतर चारही टायरमधली हवा, आणि तेव्हाचं हवेचं तापमान असे रकाने आखून द्या. ग्रिडमध्ये, म्हणजे गाड्या आपल्या पाळीसाठी उभ्या असतात तिथे, पाहुण्यांना येऊ देत असतील तर बाबांना हवेचा गेज हातात घेऊ द्या. ही वही तुमच्या टायरच्या प्रश्नालाही उपयोगी पडेल, तिकडेच येतो.

साबणासारखे घसरणं हा टायरचा दोष कमी आणि तापमानाचा जास्त. 200 ट्रेडवेअरच्या (हा झिजेचा आकडा, कमी म्हणजे रबर मऊ) समर टायरचं रबर साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागतं. ऑक्टोबरअखेरीस कोलंबसची सकाळ पाचच्या आसपास असते, दुपार पंधराच्या. पहिल्या हीटमध्ये धावणारा कडक रबरावर धावतो. त्यात तुमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. थंड टायरवर स्टिअरिंग झटक्यात वळवलं की पुढची चाकं वळण्याऐवजी सरळ घासत जातात, आपण आणखी वळवतो, आणखी घासतात. उपाय हाताचा आहे. पहिल्या चकरेला ब्रेक एक गाडी-लांबी आधी लावा, स्टिअरिंग हळू आणि कमी वळवा, गाडी वळणातून सरळ व्हायला लागल्यावरच ॲक्सिलरेटर दाबा. तिसऱ्या चकरेपर्यंत पकड येते.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. तुम्ही एरवी दोघं लागोपाठ धावता, म्हणून तुमचे टायर दोन चकरांमध्ये थंड होतच नाहीत. उन्हाळ्यात त्यांच्यावर पाणी मारावं लागत असेल. 11 आणि 25 ऑक्टोबरला एकच जण धावणार. दोन चकरांमध्ये पाच-सात मिनिटं गाडी उभी, तीही थंड डांबरावर. उन्हाळ्यातले हवेचे आकडे त्या दिवशी चालणार नाहीत. हवेचा दाब साधारण साडेपाच अंशांमागे एक पीएसआय बदलतो. गॅरेजमध्ये पंधरा अंशांत भरलेली हवा बाहेर पाच अंशांत जवळजवळ दोन पीएसआय उतरते. म्हणून घरी भरलेल्या आकड्यावर विसंबू नका, मैदानावर पोचल्यावर मोजा. दाराच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा पुढे चार पीएसआय जास्त ठेवून सुरुवात करा, मागे स्टिकरइतकीच. मग खडू घ्या. टायरच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. तिथे ट्रेडपासून बाजूच्या भिंतीपर्यंत रेघ ओढा, प्रत्येक पुढच्या टायरवर तीन ठिकाणी. चकरेनंतर खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर. त्याच्याही खाली पुसला असेल तर टायर लोळतोय, दोन पीएसआय भरा. टोकापर्यंत पोचलाच नसेल तर दोन काढा. एका वेळी एकच बदल, आणि तो बाबांच्या वहीत.

एवढं करूनही दुपारच्या पंधरा अंशांत टायर घसरत असतील तर त्यांचं वय बघा. बाजूच्या भिंतीवर डॉट अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2323 म्हणजे 2023चा तेविसावा आठवडा. दोन ड्रायव्हरांनी तीन हंगाम तापवलेल्या आणि गार केलेल्या टायरची नक्षी शिल्लक दिसली तरी रबर मेलेलं असतं. पुढच्या वर्षी नवे घ्या, या वर्षी त्याच्यावर आणखी पैसे घालू नका.

घरी जाताना तेच थंड टायर हायवेवर असतात, हे विसरू नका. संध्याकाळी पाऊस पडून तापमान उतरलं तर पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. आई-बाबा सिव्हिकमध्ये बसणार असतील तेव्हा तिच्यावर ऑल-सीझन चाकं असायला हवीत. समर टायरचा सेट वेगळ्या रिमवर असेल तर अदलाबदल शनिवारी दुपारी करा, चाळीस मिनिटं धरा. नट ताऱ्याच्या आकारात, म्हणजे एक सोडून समोरचा, अशा क्रमाने 80 पाउंड-फुटांवर टॉर्क रेंचने आवळा. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळणं करू नका. जास्त ताणलेला स्टड त्या दिवशी तुटत नाही, दोन महिन्यांनी तुटतो. मैदानावर पोचल्यावर पुन्हा एकदा रेंच लावून पाहा. चाकं बदलली की तुमच्या सिव्हिकमध्ये हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा स्क्रीनवरून पुन्हा कॅलिब्रेट करावी लागते, नाहीतर ती आई-बाबा गाडीत असतानाच पिवळा दिवा लावते आणि सासूबाईंचा जीव टांगणीला लागतो.

13 आणि 27 सप्टेंबरला दोघं धावणार, तेव्हा खेकसण्याचं बघू. खेकसणं होतं कारण दोन-तीन मिनिटांत सहा कामं असतात आणि कोणतं कुणाचं ते ठरलेलं नसतं. ठरवून टाका. उतरणारा हेल्मेट काढायच्या आधी पुढच्या टायरची हवा मोजतो आणि दारावरचा नंबर बदलतो. तुमचे नंबर शंभराच्या फरकाचे असतील, म्हणजे 42 आणि 142 असे, तर फक्त मॅग्नेटचा '1' लावायचा किंवा काढायचा असतो. चढणारा हेल्मेट घालूनच गाडीजवळ उभा असतो. सीटच्या रुळाशेजारी दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा, तुमची एक, नवऱ्याची एक. बसताना सीट एक खाच मागे, पट्टा लावा, झटका देऊन तो अडकू द्या, मग सीट पुढे आपल्या खुणेवर. पट्टा मांडीवर घट्ट बसतो आणि वळणात गुडघ्याने दार धरून बसावं लागत नाही. मग आरसा. मग ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करा, कारण इंजिन बंद करून चालू केलं की ते आपोआप परत लागतं. म्हणून शक्यतो इंजिन चालूच ठेवा, टर्बोलाही ते बरं. एसी बंद.

बोलायचं एकच वाक्य, आणि ते गाडीबद्दल किंवा मार्गाबद्दल. "पुढचे टायर तापलेत." "शेवटच्या वळणावर खडी आलीय." समोरच्याने काय चुकवलं ते तेव्हा सांगायचं नाही. ते दुपारी, व्हिडिओ बघताना. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण एकाच गाडीत, एकाच क्लासमध्ये धावणाऱ्या नवरा-बायकोंत वेळांची तुलना टाळता येत नाही. ती कागदावर होऊ द्या, ग्रिडमध्ये नको.

विम्याचं एक काम सप्टेंबरच्या आत करा. अमेरिकेतल्या बहुतेक कार पॉलिसींमध्ये ठरवून आयोजित केलेल्या वेगाच्या स्पर्धेतलं नुकसान वगळलेलं असतं. आयोजकांचा विमा दुसऱ्यांच्या दायित्वासाठी आणि माणसांच्या दुखापतीसाठी असतो, तुमच्या सिव्हिकच्या बंपरसाठी नाही. तुमच्या पॉलिसीतलं नेमकं वाक्य वाचा, एजंटला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं उत्तर धरू नका.

दसरा मंगळवारी, 20 ऑक्टोबरला आहे. गाडीची आणि हत्यारांची पूजा सासूबाईंच्या हातून होऊ द्या. ज्या गाडीची त्यांना भीती वाटत होती तिला त्या स्वतः हळद-कुंकू लावतील, याला आमच्या लेखी फार मोल आहे. थोडी काळजी घ्या. हळदीचा डाग रंगावर राहतो, म्हणून बॉनेटवर आधी कागदी चिकटपट्टीचा चौकोन लावून त्यावर स्वस्तिक काढा. टायरच्या ट्रेडवर तेल किंवा तूप जाऊ देऊ नका. नारळ ड्राइव्हवेवर फोडलात तर करवंटीचे तुकडे झाडून घ्या. टॉर्क रेंच पाटावर ठेवायच्या आधी त्याचा आकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणा. ताणलेल्या स्प्रिंगने ठेवला तर पुढच्या वेळी 80 दाखवून वेगळंच आवळतो. झेंडूची माळ ग्रिलला तारेने नको, सुतळीने बांधा, आणि शनिवारी सगळी काढून टाका. रविवारी टेक तपासणीत गाडीत आणि गाडीवर सुटं काहीही चालत नाही. पायाखालचे मॅट, बाटल्या, दरवाजाच्या कप्प्यातली नाणी, मागच्या सीटवरची आईची शाल, सगळं बाहेर. तपासणारा ब्रेक पेडल दाबून बघेल, बॅटरी हलवून बघेल, हेल्मेटमधलं स्नेलचं (सुरक्षा प्रमाणपत्राचं) स्टिकर आणि त्यावरचं वर्ष बघेल.

25 तारखेच्याच रात्री कोजागिरी आहे. नवरा पाचला परत येईल तो दमलेला असेल. तुम्ही दीडला घरी आलेल्या, म्हणून दूध आटवणं तुमच्यावर येऊ देऊ नका. सकाळी साडेसहाला निघण्यापूर्वी त्याने बदाम-पिस्ते भिजवून ठेवावेत, आल्यावर आंघोळ करून पातेल्यापाशी उभं राहावं. बाबांची वही त्या वेळी बाहेर काढा, चंद्र वर येईपर्यंत ती वाचायला भरपूर वेळ आहे.

सिव्हिकचा हंगाम तुमच्यापुरता त्याच दिवशी संपला. भाऊ 6 नोव्हेंबरला, शुक्रवारी आठ-नऊ तास गाडी चालवून रात्री पोचेल आणि शनिवारी एवढी माणसं दोन गाड्यांत बसून फिरणार, तेव्हा ऑल-सीझन चाकं 1 तारखेच्या आतच चढवा. उतरवलेल्या समर टायरमधले खडे काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. प्रत्येकावर खडूने लिहा, पुढचा डावा, पुढचा उजवा, म्हणजे मार्चमध्ये पुढचे मागे टाकता येतील. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत हवा दाबून बांधा आणि तळघरात ठेवा. गॅरेजमध्ये नको. तुमच्याकडे जानेवारीत गॅरेज शून्याच्या खाली जातं आणि गोठलेलं रबर हलवताना तडकतं.